काटा तीनवर, इंजिन कोरडं

ड्रॅग रेसच्या गाडीचं इंजिन बसलं की पहिला संशय ट्यूनिंग करणाऱ्यावर जातो, दुसरा नोझलवर आणि तिसरा पंपावर. टाकीतून निघून रेलपर्यंत येणाऱ्या नळीवर संशय घेणारा माणूस क्वचित भेटतो. नळी ती नळी, तिच्यात काय बिघडणार, असा सगळ्यांचा समज. तो किती महाग पडतो ते मी जवळून पाहिलं आहे.

ठाणे-बेलापूर रोडवरून तुर्भ्याच्या एमआयडीसीत आत वळलं की मोठ्या कारखान्यांच्या पाठीमागे छोट्या गाळ्यांची रांग लागते. त्यातल्या एका गाळ्यात माझं नोझलचं बेंच आहे. नोझल साफ करायचे, त्यांचा फवारा बघायचा, काचेच्या नळ्यांत पेट्रोल किती पडतं ते मोजायचं, हे काम. शेजारी एका बाजूला हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करून देणारा, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगवाला. पोट चालतं ते एपीएमसीत येणाऱ्या ट्रक-टेम्पोंवर. रेसवाली पोरं हे हंगामी गिऱ्हाईक. लोणावळ्याच्या पुढे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरायची तारीख जवळ आली की ऐरोली, पनवेल, ठाण्याची पोरं पिशवीत नोझल घालून येतात. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ रस्ता. दिवा हिरवा झाला की दाबायचं आणि पलीकडची रेघ ओलांडायची. दहा-बारा-चौदा सेकंदांचा खेळ, आणि त्यासाठी वर्षभराची कमाई गाडीत ओतलेली.

जिच्याबद्दल सांगतो आहे ती जपानी कंपनीची जुनी पेट्रोल सेडान होती. टर्बो मागाहून बसवलेला, एक बार बूस्ट, एचपी तीनशेच्या घरात. नवीन ईसीयू, मोठे नोझल, टाकीत ताशी २५५ लिटरचा पंप. कागदावर पाहिलं तर पेट्रोल दुपटीने पुरावं असा हिशेब. डायनोवर ट्यूनिंग झालं तेव्हा सगळं व्यवस्थित. काही महिन्यांनी घाटावर धावपट्टीवर पळवली, तर दोन तृतीयांश अंतर गेल्यावर गाडीने एकदम मान टाकली. प्लग काढले तर तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगची चिनीमाती पांढरीफटक, पिस्टनच्या रिंगा बसतात ती कड तुटलेली. पेट्रोल कमी पडून इंजिन नॉक झाल्याच्या या खुणा कुठलाही मिस्त्री ओळखेल.

मालकाने नोझल माझ्याकडे आणले. चारही बेंचवर लावले. फवारा छान, चौघांतला फरक दोन टक्क्यांच्या आत. म्हटलं, नोझलचा दोष नाही, पेट्रोल नोझलपर्यंत पोचतंय का ते बघा. सोबत त्याचा मिस्त्री होता. वयाने मोठा, कार्ब्युरेटरच्या जमान्यातला, हात चांगला. तो म्हणाला, “दादा, गेज बघितलाय मी. तीनवर उभा आहे काटा. हलत पण नाही. अजून काय पाहिजे?”

बाकी सगळं सोडा, पण हे एक वाक्य नीट तपासा. काटा तीनवर उभा होता हे खरंच होतं. बॉनेट उघडं ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलला. आयडलला हे इंजिन ताशी जेमतेम एक-दोन लिटर पेट्रोल पितं. पंप पाठवतो त्यातलं जवळपास सगळं रेग्युलेटरमधून परतीच्या नळीने टाकीत परत जातं. वाटेत कुठेही घसा आवळलेला असला, तरी गरजेपेक्षा थोडं जास्त पेट्रोल पोचतंय तोवर रेग्युलेटर तीन बार राखून धरणारच, त्याचं कामच ते. गेज दाब सांगतो. किती पेट्रोल वाहतंय हे तो सांगत नाही. पुरवठ्यापेक्षा मागणी वाढेल त्या क्षणी काटा कोसळतो. आणि तो क्षण येतो पूर्ण थ्रॉटलला, पूर्ण बूस्टला, तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या टोकाला. तेव्हा बॉनेट बंद असतं आणि गेज बघायला कुणी नसतं.

मागणीचा आकडा काढता येतो. टर्बो इंजिनाला एका एचपीला ताशी साधारण पाव किलोच्या वर, सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल लागतं असं धरून चालतात. तीनशे एचपीला झाले ताशी ८१ किलो, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. अर्ध्या मिनिटाला नऊशे मिलिलिटरहून थोडं जास्त. आता नोझलचा नियम बघा. नोझलच्या आतला दाब आणि बाहेरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब, यांच्या फरकावर पेट्रोल पडतं, आणि तेही वर्गमुळाच्या हिशेबाने. फरक तीन बारचा दोन बार झाला तर पेट्रोल अठरा टक्के कमी. एक बार बूस्ट असताना रेलमधला दाब चारवर जायला हवा, तरच फरक तीनचा राहतो. तो तीनवरच अडकला तर एका भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा असलेल्या मिश्रणाचं चौदा होतं. पूर्ण बूस्टवर चौदा म्हणजे पिस्टनचा निरोपसमारंभ. ईसीयूला यातलं काही कळत नाही. दाबाचा सेन्सर जोडलेला नसेल तर नोझल किती वेळ उघडा ठेवला एवढंच तो जाणतो, आणि ठरलेलं पेट्रोल पडलं असं गृहीत धरतो.

मिस्त्रीची बाजूही सांगितली पाहिजे. कार्ब्युरेटरच्या खाली वाटी असते. नळीतून थोडं कमी आलं तरी वाटीत साठलेलं पेट्रोल काही सेकंद वेळ मारून नेतं. तिथे ‘पेट्रोल येतंय ना?’ एवढाच प्रश्न पुरतो. इंजेक्शनला वाटी नाही. आपल्याकडे बजाजने २००७ साली पल्सर २२० इंजेक्शनसह काढली तेव्हा नाक्यावरचे मिस्त्री तिला हात लावायला कचरायचे. दोन वर्षांत तीच गाडी कार्ब्युरेटर घेऊन आली तेव्हा कित्येकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि दुचाकीतसुद्धा इंजेक्शन सगळीकडे झालं. हत्यारं बदलली, स्कॅनर आले, पण नळीकडे बघण्याची नजर बऱ्याच ठिकाणी वाटीच्या काळातलीच राहिली.

मी गाडी गाळ्यावर आणायला सांगितली. इंजिन उतरलेलं होतं तरी बिघडत नाही, पेट्रोलची वाट तपासायला इंजिन चालू लागत नाही. रेल जागेवर लावली, रेग्युलेटर जोडला, परतीची नळी टाकीच्या तोंडाशी सोडवून मापाच्या डब्यात धरली. बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज साडेतेरावर ठेवलं, कारण पळणाऱ्या गाडीत तेवढं असतं. आणि रेग्युलेटरच्या व्हॅक्युमच्या निपलला हातपंपाने एक बार हवा दिली. हे शेवटचं फार जण करत नाहीत. त्याशिवाय पंपाची परीक्षा तीन बारवर होते, रेसमध्ये मात्र त्याला चारवर काम करायचं असतं. पंप चालू करून अर्धं मिनिट मोजलं. डब्यात सातशे मिलिलिटरसुद्धा पडलं नाही. हवं होतं नऊशेच्या वर, आणि तेही काठावरचं. माझ्या मते त्यावर निदान पंचवीस टक्के शिल्लक असावी.

इथे बहुतेक जण काय करतात? पंप बदलतात. त्याहून मोठा, त्याहून महाग. मी पंपाच्या वायरला क्लॅम्प मीटर लावला. विजेचा प्रवाह नेहमीपेक्षा जास्त होता आणि पंपाचा आवाज चिरका. पंप जोर लावतो आहे, वीजही जास्त खातो आहे, आणि पेट्रोल कमी येतंय. याचा अर्थ पंपाच्या पुढे कुठेतरी अडलं आहे. वीजही कमी आणि पेट्रोलही कमी असतं, तर पंपाच्या मागे, म्हणजे जाळी, तळ, टाकी, किंवा पंपाला पोचणारं व्होल्टेज बघितलं असतं. क्लॅम्प मीटर हे गॅरेजमधलं सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे असं माझं मत आहे.

मग एकेक भाग बाजूला करत गेलो. फिल्टर काढून त्या जागी मोकळी नळी लावली, डब्यात जेमतेम फरक. गाडीखालचा लोखंडी पाइप वगळला, थोडा फरक. टाकीवरचं झाकण उघडून पंप बाहेर काढला आणि पंप ते झाकण यामधली वीतभर रबरी नळी बदलून मोजलं, तर अर्ध्या मिनिटात दीड लिटरच्या वर. पैसा ओतलेल्या त्या गाडीत वीतभर नळीने इंजिन मारलं होतं.

मिस्त्रीचा विश्वास बसेना. “हवा मारून बघितली होती मी,” तो म्हणाला, “एकदम मोकळी होती.” तेही खरं होतं. शेजारच्याकडून पाइप कापायचं पातं आणलं आणि नळी उभी चिरली. बाहेरून ती धडधाकट दिसत होती, फक्त बोटाने दाबली की जरा जास्तच मऊ. आत पंपाच्या टोकाकडून आतल्या थराची कातडी सुटून पडजिभेसारखी लोंबत होती. पंपाच्या दातेरी टोकावर नळी जोर लावून चढवताना ती आतून खरवडली गेली, वरून स्क्रूच्या क्लिपने आवळली, आणि त्या चिरेतून पेट्रोल दोन थरांच्या मधे शिरत गेलं. पेट्रोलचा ओघ पंपाकडून आला की कातडी उचलली जाऊन वाट अडवायची. मिस्त्रीने हवा मारली होती इंजिनाकडून टाकीकडे. त्या दिशेने ती भिंतीला चिकटून बसायची आणि हवा खुशाल जायची. डायनोच्या दिवशी ही कातडी बहुधा सुटलेलीच नव्हती, किंवा थोडी सुटलेली होती. त्यामुळे ट्यूनिंगवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नव्हता.

टाकीच्या आत कुठली नळी घालायची याचा नियम आहे, आणि तो नळीवर छापलेला असतो. एसएई जे३० या मानकात आर६, आर७ हे कमी दाबाचे, कार्ब्युरेटरच्या काळातले. आर९ इंजेक्शनच्या दाबाची, पण टाकीच्या बाहेर वापरायची. हिचं अस्तर पेट्रोल सोसतं. बाहेरचं वेष्टण मात्र दिवसरात्र पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं. टाकीत बुडवायची असेल तर आर१०. ती कित्येक पट महाग मिळते, आणि लागते फक्त वीतभर. त्या गाडीतल्या नळीवर कसलीच छपाई नव्हती. ती कुठून आली हे मालकालाही आठवत नव्हतं. छपाई नसलेली नळी पेट्रोलला लावू नका, दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी. आणि स्क्रूची क्लिप टाकीत नकोच. सपाट, सगळीकडून सारखी आवळणारी क्लिप वापरा.

यात इथेनॉलची भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि दोन-अडीच वर्षांत ते देशभर पोचलं. त्यात आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसाचाही वाटा आहे. त्याच्या बाजूने-विरुद्ध बरंच बोललं जातं. मी बेंचवर बघतो तेवढंच सांगतो. जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे तेवढीच ताकद काढायला वीस टक्क्यांच्या मिश्रणात साधारण सहा-सात टक्के जास्त इंधन वाहावं लागतं. जुन्या पेट्रोलवर काठोकाठ बसवलेली पंप-नळी-नोझलची जोडी त्यामुळे आपोआप काठाबाहेर गेली. तिसरं, इथेनॉल पाणी ओढतं. खाडीकाठची आपली हवा, पावसाळाभर पाव टाकी पेट्रोल घेऊन उभी असलेली रेसची गाडी. दिवाळीनंतर ती टाकी उघडा आणि पंपाच्या जाळीवर काय बसलंय ते स्वतः बघा. हंगाम संपला की टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी करा.

आता डायनोवर न दिसणाऱ्या गोष्टी. डायनोवर गाडी उभी असते. धावपट्टीवर ती पुढे झेपावते, आणि टाकी मागे, इंजिन पुढे. नळीतलं पेट्रोल जडत्वामुळे मागेच राहायला बघतं. तीन मीटरच्या आडव्या नळीत एक जी वेगवाढीला सुमारे ०.२ बार दाब नुसता पेट्रोल पुढे ढकलण्यात जातो. वजन वाचवायला टाकी पाव भरलेली, त्यात पेट्रोल मागच्या भिंतीवर चढलं की पंपाचं तोंड उघडं पडतं. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये टाकी गाडीच्या अगदी नाकात असते, इंजिन मागे. वेगवाढच पेट्रोल इंजिनाकडे ढकलते. आपल्याला ती सोय नाही, पण टाकीत आडव्या भिंती घालून पंपाभोवती छोटी कुंडी करणं कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरला जमतं.

पंपाला ढकलणं जमतं, ओढणं जमत नाही. ओढण्याच्या बाजूला पेट्रोल ढकलतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि तो आहेच मुळात एक बार. आपल्या पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना ६० किलोपास्कलच्या आसपास असतो. म्हणजे गरम टाकीत पेट्रोल उकळायला लागण्याआधी हातात उरतो ०.४ बार. घाटमाथ्यावर हवेचा दाब आणखी कमी. उन्हाने तापलेल्या धावपट्टीवर रांगेत उभं राहून परतीचं पेट्रोल फिरून फिरून तापलेलं. अशा वेळी पंपाच्या आधी कुणी बारीक कागदी फिल्टर लावला असेल तर पंप पेट्रोलऐवजी वाफ गिळतो. पंपाच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा बारीक फिल्टर, हा क्रम उलटा करू नये. बारीक फिल्टर घेताना कागदाचा नको, इथेनॉल सोसणारा काचतंतूचा घ्या. बाहेरचा पंप असेल तर टाकीकडून येणारी नळी पंपापुढच्या नळीहून एक माप मोठी ठेवा.

नळीच्या सरळ भागाची भीती मला कमी वाटते. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या चांगल्या नळीत तीनशे एचपीपुरतं पेट्रोल सहज वाहतं. घोळ होतो तो सांध्यांत. बँजो बोल्टच्या भोकात, नव्वद अंशाच्या कोपऱ्यात, क्विक कनेक्टरमध्ये. भोक चार मिलिमीटरचं तीन झालं तर तेवढ्याच ओघाला अडथळा तिपटीहून जास्त होतो, कारण व्यास घटला की तो चौथ्या घाताने वाढतो. बाजारात सहा नंबरचे रंगीत अ‍ॅल्युमिनियम एल्बो मिळतात. बाहेरून सहा नंबर, म्हणजे इंचाचे सहा सोळांश, पण आत बघितलं तर कोपऱ्यात दोन्ही बाजूंची भोकं नीट भेटलेलीच नसतात. ड्रिलच्या बिटाची मागची गुळगुळीत दांडी आत सरकवून बघा. आठची जात नसेल आणि सहाची अडकत असेल, तर तो एल्बो शोकेसमध्ये ठेवायच्या लायकीचा. वेल्डिंग केलेला बंग, म्हणजे फिटिंग बसवायचं तोंड, तोही आतून बघावा, वितळलेला थेंब आत लोंबकळत राहतो.

तुर्भ्यात एक जुगाड सर्रास चालतो. शेजारी हायड्रॉलिक पाइप करून मिळतो म्हणून पोरं पेट्रोलला तोच क्रिम्प करून घेतात. “दोनशे बारचा पाइप आहे, चार बारला काय होतंय?” फुटणार नाही, मान्य. पण ते अस्तर तेलासाठी केलेलं, इथेनॉलच्या पेट्रोलसाठी नाही. आणि दोनशे बार सोसायचे म्हणून निपलच्या भिंती जाड. पाव इंची पाइपच्या निपलचं भोक पाच मिलिमीटरच्याही आत असतं, आणि असे दोन निपल प्रत्येक तुकड्याला. माझा शेजारी हे स्वतःच गिऱ्हाइकाला सांगतो, तरी पोरं ऐकत नाहीत. तुकडे जेवढे कमी तेवढं बरं.

परतीच्या नळीतही अडथळा येतो, आणि त्याची खूण उलटी असते. आयडलला दाब ठरल्यापेक्षा जास्त, मिश्रण दाट, प्लग काळे, आणि पूर्ण थ्रॉटलला मात्र सगळं बरोबर. कारण आयडलला सगळं पेट्रोल परत जायचं असतं आणि परतीची वाट अरुंद. मोठा पंप बसवून जुनीच बारीक परतीची नळी ठेवली की हे हमखास. मग कुणीतरी मॅपमध्ये आयडलचं पेट्रोल कमी करतं आणि रोग दडपला जातो. जाणाऱ्या वाटेच्या अडथळ्यावरही असंच पांघरूण घालतात. वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ दिसलं की नोझल अजून थोडा वेळ उघडा ठेवायचा. एखादा दिवस जमतं. मग नळी आणखी फुगते, पेट्रोल आणखी तापतं, आणि नोझल आधीच पूर्ण उघडा असतो. मॅप सुधारून नळी सुधारत नाही. वरच्या टोकाला जास्त पेट्रोल मागावं लागलं, तर ट्यूनिंगवाल्याने तिथेच लॅपटॉप मिटून दाब मोजायला सांगितलं पाहिजे.

यांत्रिक इंजेक्शनवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. कॅलिफोर्नियाच्या स्टुअर्ट हिलबोर्नने १९४० च्या दशकात रेससाठी बनवलेल्या इंजेक्शनमध्ये पंप इंजिनावरच फिरायचा. आरपीएम वाढला की पेट्रोल वाढलं, आणि जास्तीचं एका छोट्या भोकाच्या चकतीतून परत. सगळा हिशेब त्या चकतीच्या भोकावर. मिश्रण दाट हवं तर भोक लहान, पातळ हवं तर मोठं. तिथे अडथळा हेच हत्यार असल्यामुळे नको त्या जागचा अडथळा त्या लोकांच्या लगेच डोळ्यात भरतो. टॉप फ्युएलला तर नायट्रोमिथेन लागतं, एका भाग इंधनाला जेमतेम १.७ भाग हवा पुरते. पेट्रोलला १४.७ भाग लागते. एका धावेत कित्येक लिटर इंधन जातं, तिथल्या नळ्या मनगटाएवढ्या दिसल्या तर नवल नाही. आपल्याकडे हल्ली काही जण मिथेनॉलची भाषा करतात. मिथेनॉलला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त ओघ लागतो. पेट्रोलवर ज्याची वाट अडते आहे त्याने तिकडे वळूच नये.

मग करायचं काय? पैसे मोजके असतील तर मोठ्या पंपाआधी दाबाचा सेन्सर घ्या. रेलवर बसवा, ईसीयूला जोडा, आणि बूस्ट वजा जाता उरणारा दाब ठरल्यापेक्षा ०.३ बारने घसरला की बूस्ट किंवा इग्निशन तोडायला सांगा. बाजारातल्या बऱ्याच रेसिंग ईसीयूत ही सोय असते आणि बहुतेक गाड्यांत ती बंद असते. धाव वाया जाईल, पिस्टन वाचेल. दुसरा सेन्सर पंपाच्या लगेच पुढे असेल तर उत्तम. दोन्हींतला फरक धावेच्या नोंदीत बघितला की अडथळा नळीत आहे का पंपात, हे घरी बसून कळतं. पेट्रोलने भरलेला काट्याचा गेज केबिनमध्ये आणू नका, काही पोरं हे करतात. तारेने चालणारा सेन्सरच हवा.

पंपाची वायरही बघा. कंपनीची बारीक वायर वीस-पंचवीस वर्षांची झालेली असते. पंपाच्या टोकावर, पंप पूर्ण जोरात असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि पंपावर बारा असतील तर पंपाचा डब्यावर छापलेला आकडा विसरा. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर आणि रिले, अर्ध्या दिवसाचं काम.

हे सगळं मोजायचं कुठे, तर गॅरेजमध्ये, डायनोवर, नाहीतर अधिकृत धावपट्टीवर सरावाच्या धावेत. रात्री पाम बीच रोडवर ‘एक पुल मारून बघू’ म्हणणाऱ्याचे नोझल मी बेंचवर लावत नाही. त्या रस्त्यावर आधीच पुरेसे जीव गेले आहेत.

डब्याची चाचणी करताना पेट्रोल उघड्यावर असतं, आणि त्याची वाफ शून्याच्या खाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. आमच्या गल्लीत चार पावलांवर वेल्डिंग चालू असतं. मी आधी शेजाऱ्याला सांगून ते बंद करायला लावतो, शटर पूर्ण उघडतो, भुकटीचा अग्निशामक हाताशी ठेवतो, पंपाचा स्विच लांब वायरने डब्यापासून दूर घेतो, आणि धातूचा डबा गाडीच्या बॉडीला तारेने जोडतो. प्लास्टिकची बादली नको. नळी सोडण्याआधी रेलमधला दाब उतरवा, नाहीतर पहिला फवारा डोळ्यात जातो. एकट्याने करू नका.

त्या गाडीत नवा पिस्टन पडला, टाकीत आर१० नळी आली, दोन एल्बो जाऊन एक लांब वळणाची नळी आली, परतीची नळी मोठी झाली. पंप तोच ठेवला. मिस्त्री आता नवी नळी चढवण्याआधी टोकाला पेट्रोलचा हात लावतो, म्हणजे ती खरवडत नाही, आणि जुनी काढली की फेकण्याआधी चिरून बघतो.

तुमचे नोझल माझ्याकडे किंवा कुणाकडेही तपासायला नेणार असाल, तर सोबत टाकीतली जुनी नळी, फिल्टर आणि एखादा बँजो बोल्टही पिशवीत टाका. नळीच्या कुठल्या टोकाला पंप होता तिथे चिकटपट्टी लावून खूण करा, कारण कुठल्या बाजूने हवा मारायची ते त्यावरच ठरतं.